लेडी गागाचा ‘मेहेम बॉल’ आणि आपण सोलापूरकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत चहाच्या वेळेला मोबाइलवर या दौऱ्यातले तुकडे दाखवायला लागलो आणि तेव्हापासून प्रश्न सुरूच आहेत. कॉलेजची मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आमचे नेपथ्यवाले तर सर्वांत जास्त. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ‘मेहेम बॉल’ म्हणजे नेमकं काय आहे?

अमेरिकन गायिका लेडी गागा हिचा जगभराचा दौरा. तिचा ‘मेहेम’ हा अल्बम ७ मार्च २०२५ ला आला. त्यावर बेतलेला हा दौरा १६ जुलै २०२५ ला लास व्हेगासमध्ये सुरू झाला. अमेरिकेतली शहरं झाल्यावर तो लंडन, मिलान, बर्लिन, पॅरिस करत युरोपभर फिरला, मग ऑस्ट्रेलिया आणि जपानला गेला. ‘मेहेम’ म्हणजे गोंधळ, धुमाकूळ. ‘बॉल’ म्हणजे जुन्या युरोपातला नाचाचा शाही समारंभ. गागा आपल्या दौऱ्यांना पूर्वीपासून ‘बॉल’ म्हणत आली आहे.

२. मी तिची गाणी फारशी ऐकलेली नाहीत. तरी कळेल का?

कळेल. आमच्या तालमीतल्या निम्म्या मंडळींनी तिचं एकही गाणं आधी ऐकलेलं नव्हतं आणि ती खिळून बघत बसली होती. एवढी ओळख पुरे: जन्म २८ मार्च १९८६, न्यू यॉर्क. खरं नाव स्टेफनी जर्मनोटा. लहानपणापासून पियानो वाजवते, स्वतः गाणी लिहिते. सिनेमात अभिनयही करते आणि तो पाहण्यासारखा असतो.

३. गाण्याच्या कार्यक्रमाला ‘नाट्यमय’ का म्हणायचं? लाइटिंग आणि नाच तर सगळेच करतात.

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

साध्या कार्यक्रमात गायक येतो, गाणं म्हणतो, लोकांशी दोन शब्द बोलतो, पुढचं गाणं म्हणतो. लाइट गाण्याला साथ करतात. इथे क्रम उलटा आहे. आधी गोष्ट ठरली, मग गाणी त्या गोष्टीत बसवली. रंगमंचावर एका जुन्या ऑपेरागृहाचं नेपथ्य आहे: कमानी, सज्जे, जिने. कार्यक्रम चार अंकांत विभागलेला आहे, वर एक उपसंहार. प्रत्येक अंकाला नाव आहे. दोन वर्षांपूर्वीचं गाणं आणि पंधरा वर्षांपूर्वीचं गाणं शेजारी येतं, कारण त्या प्रवेशाला दोन्ही लागतात.

सुरुवातच बघा. पडद्यावरच्या चित्रफितीत एकाच बाईची दोन रूपं एकमेकींशी बोलतात. मग गागा दिसते ती एका प्रचंड लाल घागऱ्याच्या टोकावर, माणसांच्या डोक्यांच्या कितीतरी वर. घागरा उघडतो तर आत पिंजरा, आणि पिंजऱ्यात नर्तक. म्हणजे पोशाख हेच नेपथ्य, आणि त्या नेपथ्याच्या पोटात पात्रं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुकडा तिथेच थांबवला आणि आमच्या नेपथ्यकाराला फोन लावला.

आपल्याकडे संगीत नाटकात पद कुठे यायचं हे प्रसंगावरून ठरतं. पद संपलं की प्रसंग पुढे सरकलेला असतो. या दौऱ्यात तेच होतं. म्हणून मी सांगतो, हा कार्यक्रम मैफल म्हणून पाहू नका, नाटक म्हणून पाहा. तिसरी घंटा झाली की मोबाइल खिशात ठेवायचा आणि गोष्टीच्या मागे जायचं.

४. मग गोष्ट काय आहे?

एकाच बाईतल्या दोन बायकांचं भांडण. एक उजळ, एक काळोखी. पहिल्या अंकात काळोखी बाजूची सत्ता आहे. पुढे स्वप्न सुरू होतं आणि ते बिघडत जातं. एका प्रवेशात वाळूचा चौक आहे, त्यात कवट्या आणि सांगाडे आहेत, आणि गागा त्यांच्यात लोळत गाते. प्रसिद्धी माणसाचं काय करते, हा त्या प्रवेशाचा विषय. बुद्धिबळाच्या पटावरचा प्रवेशही आहे, त्यात दोन्ही बाजूंच्या प्याद्यांसारखे नर्तक समोरासमोर येतात. चौथ्या अंकाचं नावच ‘प्रत्येक पटावर दोन राण्या असतात’ अशा अर्थाचं आहे, आणि भांडण कुठे जाऊन थांबणार त्याची चाहूल त्या नावातच आहे.

मध्ये ती चांदीसारख्या चकाकत्या चिलखतात, दोन कुबड्यांवर, मागे लांबच लांब शेला ओढत चालत येते. जखमी बाई चालतेय, पण चाल राणीची. मला तो प्रवेश पूर्ण दौऱ्यातला सर्वांत चांगला वाटतो. त्यात यंत्राची करामत जवळपास नाही. चाल, प्रकाश आणि तो शेला, बस.

शेवटाविषयी प्रश्न १५ मध्ये लिहिलं आहे. ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी तो सोडून द्यावा.

५. ती खरंच गाते की रेकॉर्ड लावलेलं असतं?

गाते. एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात, दुसऱ्या आठवड्याच्या कार्यक्रमात, तिचा माइक मध्येच बंद पडला. आवाज तुटला, तिने दुसरा माइक हातात घेतला आणि पुढे गायली. नंतर प्रेक्षकांना म्हणाली की निदान मी खरी गाते हे तरी तुम्हाला कळलं.

आता दुसरी बाजूही सांगतो. अशा कार्यक्रमात मागे ध्वनिमुद्रित थर असतात: कोरस, काही वाद्यं, काही आवाज. जोरात नाचताना एखादी ओळ त्या थरावर सोडून दिली जाते. त्यात फसवणूक काही नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्यालाही यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव करावा लागतो, आणि मिरवणुकीत आजूबाजूला सांभाळणारे हात असतातच. भार मात्र त्याच्याच कंबरेवर असतो.

६. इतके जड कपडे मिनिटाभरात कसे बदलतात?

कपडे शिवतानाच बदलायच्या दृष्टीने शिवलेले असतात. बाहेरून पंचवीस हुकांची चोळी दिसते, प्रत्यक्षात मागे उघडायला एकच जागा असते. चेन, टिचबटणं, लोहचुंबक, वेल्क्रो, जिथे जे चालेल ते. आतला पोशाख आधीच अंगात असतो. विंगेत किंवा रंगमंचाखाली दोन-तीन माणसं ठरलेल्या जागी उभी असतात. एकाकडे बूट, एकाकडे डोक्याचं, एकाकडे पाठ. बोलायचं नाही, ज्याचं त्याने करायचं. तोवर समोर चित्रफीत किंवा नर्तकांचा प्रवेश चालू असतो. लांबलचक वाटणारा तो वाद्यांचा तुकडा यासाठीच असतो.

यातलं एक मी अनुभवाने शिकलो. आमच्या एका नाटकात नायिकेला ब्लॅकआउटमध्ये चाळीस सेकंदांत नऊवारी उतरवून पांढरी साडी नेसायची होती. आम्ही नऊवारी शिवून घेतली आणि मागे वेल्क्रो लावलं. तालमीत झकास झालं. प्रयोगाच्या दिवशी काळोख, सभागृह शांत, आणि त्या शांततेत ‘चर्रर्र’ असा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. नायकाचा नुकताच मृत्यू झालेला होता. पुढच्या प्रयोगाला टिचबटणं लावली. मोठ्या दौऱ्यांत संगीत चालू असतं म्हणून वेल्क्रो खपतं. आपल्या नाटकात ते चालत नाही.

७. रोज सगळं तसंच्या तसं होतं म्हणतात. मग जिवंत कार्यक्रमाची मजा काय राहिली?

बहुतेक भाग तसाच असतो हे खरं. वादकांच्या कानात ठोक्यांचा आवाज चालू असतो आणि त्याच घड्याळावर लाइट, पडदे, चित्रफिती बांधलेल्या असतात. अमुक सेकंदाला अमुक क्यू, म्हणजे बदलाचा इशारा. मी आजही डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, हाताने क्यू घेतो, नटाचा श्वास बघून. तिथे शेकडो दिवे आणि हलणारे जिने आहेत. जिना अर्धा सेकंद उशिरा आला तर माणूस खाली पडेल. घड्याळ जिवासाठी आहे.

पण एकच नाटक पन्नासाव्या प्रयोगालाही जिवंत असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवाय उत्तरार्धात एक मोकळी जागा ठेवलेली आहे. गागा एका होडीत उभी राहून प्रेक्षकांमधल्या पट्टीवरून पियानोपर्यंत येते, आणि तिथे बसून एकटी गाते. ती पियानोवरची गाणी ती बदलते, बोलते, रडतेही. पाऊण कार्यक्रम घड्याळावर चालतो म्हणूनच ती दहा-पंधरा मिनिटं इतकी उघडी वाटतात.

८. हा नाट्यमय कार्यक्रमाचा प्रकार गागानेच सुरू केला का?

नाही. डेव्हिड बोवीने १९७४ च्या दौऱ्यात रंगमंचावर एक आख्खं उजाड शहर उभं केलं होतं. मॅडोनाचा १९९० चा ‘ब्लाँड अँबिशन’ दौरा जपानमध्ये सुरू झाला, त्याचे विषयवार भाग पाडलेले होते आणि पोशाख जाँ पॉल गोतिए या फ्रेंच वेशभूषाकाराचे होते. आज आपण जे बघतो त्याची घडी तिथे बसली असं माझं मत आहे. आणि मुंबईने हा प्रकार फार आधी पाहिला आहे: १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला होता. त्या दौऱ्याची सुरुवात अवकाशयानातून उतरण्याने व्हायची.

९. ती एवढी मोठी, मग स्टेडियम सोडून बंद सभागृहांत का?

तिने हे जाणूनबुजून निवडलं. २०२२ चा तिचा ‘क्रोमॅटिका बॉल’ स्टेडियममध्येच होता. या वेळी जवळीक हवी, नाट्य हवं, म्हणून बंदिस्त जागा, असं तिने दौरा जाहीर करतानाच सांगितलं.

तांत्रिक कारणं त्यातच आहेत. बंद सभागृहात काळोख आपल्या हातात असतो. उघड्या मैदानात संध्याकाळचा उजेड, वारा, पाऊस यांच्यापुढे नाट्याचे पहिले दोन अंक वाया जातात. दुसरं, मोठ्या सभागृहाच्या छताला वजन टांगायची सोय असते. ट्रक येतात, साखळ्यांच्या मोटारींनी दिवे आणि पडदे वर ओढले जातात, कार्यक्रम होतो, रात्रीतून उतरवून पुढच्या गावाला. स्टेडियममध्ये आधी लोखंडी सांगाडा उभा करावा लागतो आणि त्यालाच काही दिवस जातात. म्हणून असे तीन-तीन सांगाडे पुढच्या-मागच्या शहरांत फिरवतात. ‘यू टू’ या बँडने २००९ ते २०११ च्या दौऱ्यात असंच केलं होतं.

१०. मग ती भारतात का येत नाही? कधी आली होती का?

एकदा आली होती. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडात भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तिच्यानंतरच्या पार्टीत ती गायली. पूर्ण दौरा मात्र कधी आला नाही. ‘मेहेम बॉल’च्या जाहीर झालेल्या शहरांत भारतातलं एकही नव्हतं.

कारण बरंचसं प्रश्न ९ मध्ये आलं. आपल्याकडचे मोठे कार्यक्रम स्टेडियमवर किंवा उघड्या मैदानावर होतात: नेरूळचं डी. वाय. पाटील, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान, महालक्ष्मी रेसकोर्स. पंधरा-वीस हजार माणसं बसतील आणि छताला टनांनी वजन टांगता येईल अशी सभागृहं लागतात, आणि तिथे आपण कमी पडतो. हा दौरा त्याच मापाने शिवलेला आहे. ‘लोकांना आवड नाही’ हे कारण मी मानत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने नेरूळला तीन आणि अहमदाबादला दोन कार्यक्रम केले, सगळे भरले.

११. सिंगापूर आणि रिओचे कार्यक्रम याच दौऱ्यातले ना?

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा होतो. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर ३ मे २०२५ ला झालेला कार्यक्रम फुकट होता. तिथल्या यंत्रणेच्या अंदाजाने २० लाखांवर लोक जमले होते. सिंगापूरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर त्याच महिन्यात चार रात्री झाल्या. हे दोन्ही, मेक्सिको सिटीचे कार्यक्रम आणि कोचेला, दौऱ्याच्या आधीचे. ऑपेरागृहाची कल्पना, अंक, बरेच पोशाख सारखे आहेत, म्हणून चित्रफिती एकमेकांत मिसळतात. माझ्यापुरतं सांगायचं तर मी कोचेलाचं थेट प्रक्षेपण पूर्ण पाहिलं. तिकडे शुक्रवारची मध्यरात्र, इकडे सोलापुरात शनिवारची एप्रिलमधली दुपार. पडदे ओढून, कूलर बंद करून बसलो होतो, कारण कूलरच्या आवाजात पियानो ऐकू येत नव्हता. मुख्य दौरा मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. वर जे लिहिलं ते प्रेक्षकांनी टाकलेल्या चित्रफिती शंभर वेळा पाहून लिहिलं आहे.

१२. ऐनवेळी कार्यक्रम रद्द होतो का?

होतो. ३ सप्टेंबर २०२५ ला मायामीत लोक येऊन पोचल्यावर रद्द झाला. सरावात तिच्या आवाजावर ताण आला होता आणि डॉक्टरांनी गाऊ नको म्हणून सांगितलं. त्याआधी २०१३ मध्ये कमरेच्या सांध्याच्या दुखापतीमुळे आणि २०१८ मध्ये असह्य दुखण्यामुळे दौऱ्यांचे शेवटचे कार्यक्रम रद्द करावे लागले. लोक चिडतात, ते मी समजू शकतो. पण गळा हे तिचं एकमेव हत्यार आहे, ते एका रात्रीसाठी मोडून चालणार नाही.

सोलापूरकरांसाठी यातली गोम अशी: तिकिटाचे पैसे परत मिळतात, गाडीचे आणि खोलीचे मिळत नाहीत. खोली घेताना रद्द करता येणारीच घ्या.

१३. मुंबई-नवी मुंबईत असा कुणाचा कार्यक्रम असला तर सोलापूरहून कसं जायचं?

मी जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला नेरूळला गेलो होतो, त्यावरून सांगतो.

जाताना सिद्धेश्वर एक्स्प्रेस उत्तम. रात्री बसा, पहाटे कल्याण किंवा ठाण्याच्या बाजूला उतरा, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ. दादरपर्यंत जायची गरज नाही. वंदे भारत सकाळी निघून दुपारी पोचवते, पण संध्याकाळच्या कार्यक्रमाला ती मला घाईची वाटते. फाटकं दुपारीच उघडतात आणि पुढची जागा लवकर येणाऱ्याला मिळते. स्टेडियमला नेरूळ आणि जुईनगर दोन्ही स्थानकं जवळ आहेत. परतीला जुईनगरला गर्दी त्या मानाने कमी होती.

येताना रात्रीची सिद्धेश्वर पकडायचा नाद सोडा. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात, खास परवानगी असली तरच बारापर्यंत, त्यामुळे कार्यक्रम दहाच्या सुमाराला संपतो. पण बाहेर पडायलाच तास-दीड तास लागतो. महामार्गावरून उशिरा सुटणाऱ्या स्लीपर बसमध्ये आधीच जागा करून ठेवा आणि चढायचं ठिकाण फोनवर पक्कं करून घ्या. मी ते केलं नव्हतं. बसवाल्याने सांगितलेला थांबा पुलाच्या पलीकडे निघाला आणि रात्री साडेबाराला पाठीवर बॅग घेऊन महामार्ग ओलांडायची वेळ आली. ते करू नका, जीव जाईल.

खाणं आत नेऊ देत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटात घालूनच फाटकाशी जा. मोठी बॅग, पॉवर बँक, छत्री यांचे नियम दर कार्यक्रमाला वेगळे असतात, तिकिटाबरोबर आलेला कागद वाचा.

१४. तिकिटं मिनिटात संपतात. दुसऱ्याकडून जास्त पैसे देऊन घ्यावं का?

माझं उत्तर ठाम नाही. कोल्डप्लेच्या वेळी मी आभासी रांगेत लाखोंच्या मागे होतो. दुसऱ्या दिवशी सोलापुरातल्या सात रस्ता चौकात एक जण तिकिटाचा स्क्रीनशॉट विकत होता. स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. तोच कोड दहा जणांना विकता येतो आणि फाटकावर पहिला पोचेल तो आत जातो. त्यापेक्षा जास्तीचे कार्यक्रम जाहीर होण्याची वाट बघा. बहुतेक वेळा होतात. मला तिकीट तसंच मिळालं.

१५. हे सांगाडे, रक्त, काळे कपडे… मुलांनी बघावं का? हे सैतानाचं पूजन आहे असं फॉरवर्ड आलं होतं.

फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका. जकार्तामध्ये २०१२ ला अशाच विरोधामुळे तिचा कार्यक्रम रद्द झाला होता, म्हणजे आरोप जुना आहे. आपल्याकडे सोंगी भारुडात भूत येतं, दशावतारात राक्षस येतो. त्याला कुणी राक्षसाची पूजा म्हणत नाही. इथेही काळोख दाखवला आहे तो त्यातून बाहेर पडण्यासाठी. लहान मुलांना मात्र दाखवू नये. काही नाच आणि काही शब्द मोठ्यांसाठी आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर आईने बसून पाहावं, आणि मग बोलावं.

आणि शेवट बघितल्याशिवाय मत बनवू नये. चोचीचे मुखवटे घातलेले जुन्या काळचे प्लेगचे डॉक्टर येतात, मोठ्ठा शेवट होतो, काळोख. लोकांना वाटतं संपलं. मग पडद्यावर रंगपट, म्हणजे नटांची तयारीची खोली, दिसते. गागा आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग पुसतेय. कॅमेरा तिच्यामागे चालत येतो, आणि ती साध्या कपड्यांत, डोक्याला टोपी, तोंडाला रंग नाही, अशी रंगमंचावर येते आणि गाते.

१६. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या रंगमंचावर यातलं काही करता येईल का?

घागऱ्यातला पिंजरा नाही. छताला वजन टांगणं तर अजिबात नाही, तो विचारही करू नका. पण मी वर म्हटलेली कुबड्यांची चाल करता येईल: एक बाजूचा दिवा, जमिनीलगत, आणि पंधरा हात पांढरं कापड. सोलापुरात कापडाला तोटा नाही. कापड हलकं घ्या, जड घेतलं तर ओढताना नटाची मान मागे जाते. दिवा पायांच्या उंचीवर ठेवला की कापडाच्या प्रत्येक सुरकुतीची सावली पडते आणि कापड दुप्पट लांब दिसतं.

रंग पुसण्याचा शेवट आम्ही या वर्षी करून पाहिला. आरसा प्रेक्षकांकडे तिरका ठेवला, आरशाच्या चौकटीला दोन पिवळे बल्ब लावले, बाकी सगळं बंद. नटीने खोबरेल तेलाचा बोळा गालावरून फिरवला आणि रंग कापसावर उतरला. क्यू-शीटवर मी तिथे फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘तिचा हात खाली येईपर्यंत थांब.’